गाडीची डिकी आपोआप खाली का येते? गॅस स्ट्रट कसे तपासायचे आणि बदलायचे?

पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेरी मारा. कुठल्या तरी जुन्या हॅचबॅकच्या डिकीत काठी किंवा मोडक्या झाडूचा दांडा पडलेला दिसेल. डिकी उघडायची, दांडा टेकवायचा, सामान काढायचं आणि मान सांभाळत दांडा बाजूला करायचा. तो घसरला की पत्रा आणि काच मिळून वीसेक किलोचं झाकण डोक्यावर येतं.

ही वेळ येते ती डिकीच्या दोन बाजूंच्या काळ्या नळ्या निकामी झाल्यामुळे. त्यांना गॅस स्ट्रट म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र 'डिकीचा शॉकअप' किंवा 'शॉकर' म्हणूनच मागा, लगेच कळतं. चाकाजवळच्या शॉकअपशी याचं काम जुळत नाही. तो हादरे शोषतो, हा वजन उचलून धरतो.

१९९८ साली आलेली टाटा इंडिका पिंपरीतली, २००९ च्या अखेरीपासून बनू लागलेली पोलो चाकणची. त्यामुळे वर उघडणारी डिकी या पट्ट्याला नवी नाही. चाकणलाच बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचं मागचं दार मात्र बाजूला उघडतं, त्यामुळे ते डोक्यावर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

नळीच्या आत काय असतं?

प्रचंड दाबाखालचा नायट्रोजन आणि थोडंसं तेल. वायू दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो. दांडा ८ मिलिमीटर जाडीचा आणि आतला दाब १०० बार धरला, तर ढकलण्याचा जोर साधारण ५०० न्यूटन होतो, म्हणजे जवळपास ५० किलो वजन पेलण्याइतका.

वीस-पंचवीस किलोच्या डिकीला एवढा जोर कशाला? कारण स्ट्रट बिजागरीच्या अगदी जवळ बसवलेला असतो. समजा डिकी २५ किलोची आहे, तिचा भार बिजागरीपासून ५० सेंटीमीटरवर आहे आणि स्ट्रटला मात्र १५ सेंटीमीटरचाच पल्ला मिळतो. मग तिला तोलायला ८३ किलोइतका जोर लागतो, तो दोघांत वाटला जातो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, म्हणजे हे लगेच पटेल.

तेलाचं काम दुहेरी आहे. डिकी पूर्ण उघडताना शेवटचा धक्का ते मऊ करतं आणि दांड्याभोवतीचं रबरी सील ओलं ठेवतं. म्हणून डिकी बंद असताना दांड्याचं तोंड खाली राहील असाच स्ट्रट बसवतात. उलटा लावला तर सील कोरडं पडतं आणि वायू लवकर निसटतो.

डिसेंबरच्या पहाटेच का दगा देतो?

वायू थंड झाला की दाब घटतो. दुपारच्या ३५ अंशांवरून तापमान पहाटे १० अंशांवर आलं, तर जोर सुमारे ८ टक्के कमी होतो. नव्या स्ट्रटला हे जाणवत नाही. काठावर आलेला स्ट्रट मात्र दुपारी ठीक वाटतो आणि सकाळी डिकी सोडून देतो. त्यामुळे तपासणी थंड सकाळीच करा. डिकी अर्ध्याच्या वर नेऊन हात सैल सोडा, पण डोकं बाहेर ठेवून. ती स्वतःहून वर गेली पाहिजे. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलंच समजा.

कंपनीकडूनही हा भाग चुकू शकतो. होंडाने २०१२ मध्ये अमेरिकेत २००८ आणि २००९ च्या मॉडेलच्या ४० हजारांहून अधिक ओडिसी गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. स्ट्रटमधला वायू गळून मागचं दार खाली येण्याचा धोका होता.

सीएनजी गाडीवाल्यांनी जास्त जपावं. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट असते आणि डिकीतली टाकी काढणारा माणूस बराच वेळ त्या झाकणाखाली वाकलेला असतो. डिकी सैल असेल तर त्याला आधीच सांगा.

देखभाल फारशी नाही. डिकी बंद असताना दांडा नळीच्या आत सुरक्षित असतो. धूळ बसते ती डिकी तासन्‌तास उघडी ठेवली तर, आणि चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला ते व्हायला तेवढा वेळही लागत नाही. मऊ कापडाने दांडा पुसा. पकडीने धरू नका, रंग किंवा अंडरकोटिंगचा फवारा उडू देऊ नका. एक ओरखडाही सील कापू शकतो. ग्रीस लावायचंच तर टोकाच्या गोळीला, दांड्याला नाही.

बदलायचे कसे?

दोन्ही एकदमच बदला. एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर डिकी तिरकी ओढली जाते. जुन्याच्या नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तो आणि पूर्ण उघडल्यावरची लांबी नव्याशी जुळवा. 'जास्त ताकदीचा घ्या' हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नका, त्याने बिजागऱ्या आणि पत्र्यावर ताण येतो. मात्र मागे जड स्पॉयलर बसवला असेल तर गाडीसोबत आलेला आकडाही कमी पडू शकतो.

कामाला दुसरा माणूस हवाच. त्याने डिकी पूर्ण वर धरायची, शिवाय पक्का दांडा लावायचा. बहुतेक गाड्यांत टोकाला गोळीचा सांधा आणि वर लोखंडी क्लिप असते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने क्लिप थोडीशी उचला, पूर्ण काढू नका, आणि स्ट्रट ओढून घ्या. नवा टक्‌ असा आवाज येईपर्यंत दाबा. तो बसला की मगच दुसऱ्या बाजूला हात घाला. नवा स्ट्रट हाताने दाबून बघायच्या फंदात पडू नका, तो दबणार नाही. बटणाने उघडणारी विजेची डिकी असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवा.

जुना स्ट्रट निकामी दिसला तरी आत दाब उरलेला असू शकतो. त्यावर ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवला, भोक पाडलं किंवा तो आगीत टाकला तर नळी फुटून तुकडे उडतात. भंगारवाल्याला सुटं लोखंड म्हणून देऊ नका. बदलून देणाऱ्या गॅरेजकडेच ठेवा, नाहीतर देताना 'आत गॅस आहे, कापू नका' असं स्पष्ट सांगा आणि नळीवर तसं लिहून ठेवा.