एक बंदूक, सगळी जनावरं

आमच्या धानोऱ्याच्या घरात ओट्यावरून आत गेलं की उजव्या भिंतीला दोन जाड लाकडी खुंट्या आहेत. आज त्यांच्यावर छत्री आणि बैलांची जुनी घुंगुरमाळ लटकते. पण दोन खुंट्यांमधलं अंतर बघितलं तर कुणालाही कळेल, की त्या छत्रीसाठी ठोकलेल्या नाहीत. तिथे आधी आजोबांची ठासणीची बंदूक असायची. मग दुनळी बारा बोअर आली. शेवटी आली काकांची रायफल. काकांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो.

मी सातवीत असताना ह्या ओट्यावर एका प्रश्नाचा महिनाभर कीस पडला. प्रश्न साधा होता: डुक्कर, बिबट्या, अस्वल, सांबर ह्या सगळ्यांना चालेल अशी एकच बंदूक घ्यायची तर कुठली? साल १९६५ च्या आसपासचं. वाघ आमच्याकडे तोवर म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरला होता. पण तापीपलीकडे सातपुड्यात अस्वल होतं, बिबट्या होता, आणि डुक्कर तर घरच्या शेतात होतं.

हा प्रश्न ह्या मुलखात नवा नव्हता. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभारायला घेतली. ह्या आउट्रमने खानदेशातल्या त्याच्या दहा वर्षांत दीडशेहून जास्त वाघ मारले. त्या वेळी बंदूक ठासणीची, दारू काळी, एका बाराला एकच गोळी. पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत वाघ अंगावर. म्हणून साहेब लोक जाडजूड नळीच्या बंदुका वापरत आणि हाताशी दुसरी, तिसरी भरून ठेवत. ती भरलेली बंदूक हातात द्यायला मागे माणूस उभा असे, आणि जाळीतून वाघ उठवायला पुढे माणसं लागत. ती माणसं आमच्याकडचीच, भिल्लच बहुतेक. शिकारीच्या पुस्तकांत बंदुकीचं नाव येतं, कंपनीचं येतं, वाघाची लांबी इंचात येते. हाका करणाऱ्याचं नाव क्वचितच येतं.

१८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक आणि भीमा नाईक सातपुड्यात उठले. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्यानंतर कुणाच्या हातात बंदूक असावी ह्याचा हिशेब सरकार बारकाईने ठेवू लागलं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवाना आला. आजोबांची ठासणीची बंदूक त्याच कायद्याखालची, पिकाच्या राखणीसाठी मिळालेली. ती खरं तर आवाज करण्यापुरतीच होती. आजोबा तिच्यात नुसती दारू भरून बार काढायचे आणि डुकरं शेजाऱ्याच्या शेतात जायची. मग शेजारी बार काढायचा आणि ती आमच्याकडे परत यायची.

बारा बोअरची दुनळी जिभाऊंनी घेतली. बारा बोअर म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. एक रत्तल शिसं घ्यायचं, त्याचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. आत आटे नाहीत, नळी गुळगुळीत. तिच्यात पाखरांसाठी बारीक छर्रा भरा, डुकरासाठी एल.जी. भरा. एल.जी.च्या काडतुसात मोठे छर्रे मोजून पाच-सहाच. तीस-चाळीस पावलांपर्यंत ते एका मुठीसारखे लागतात. त्यापुढे मूठ उघडते.

ही मूठ उघडण्याची गोष्ट आम्हाला महागात पडली.

त्या वर्षी दादर चांगली उभी होती. पौषातल्या चांदण्यात जिभाऊ माळ्यावर बसले होते, सोबत आमचे मामा. मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. भिल्ल समाजाचे ते आमच्या शेताचे रखवालदार, आणि आम्ही पोरं त्यांना मामाच म्हणायचो. पहाटे एक मोठा एकलकोंडा नर बांधावर आला. अंतर साठ-सत्तर पावलं असेल. मामा म्हणाले, येऊ द्या अजून. जिभाऊंना धीर निघाला नाही. त्यांनी बार काढला, डुक्कर बसलं, उठलं आणि नाल्याच्या बोरींत शिरलं.

जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही, हा शिकारीचा पहिला नियम. उजाडल्यावर दोघं रक्तावर निघाले. रक्त वाचायचं काम मामांचं, म्हणून पुढे मामा. बोरीच्या जाळीतून ते जनावर जे सुटलं, ते सरळ त्यांच्या मांडीवर. जिभाऊंनी दुसरा बार अगदी जवळून काढला तेव्हा ते पडलं. मामांना बैलगाडीत घालून आधी रस्त्यापर्यंत आणि मग नंदुरबारला नेलं. जीव वाचला, पण पाय कायमचा लंगडा झाला. नंतर डुकराची चामडी काढली तेव्हा दिसलं, की रात्रीच्या बारातला एकच छर्रा लागला होता, तोही पोटात. बाकीचे दादरीत गेले होते.

जिभाऊ म्हणाले, ही बंदूकच कामाची नाही. आता रायफल घ्यायची, सगळ्या जनावरांना पुरून उरेल अशी. आणि ओट्यावर सभा भरू लागली.

लाकडाच्या ठेकेदाराकडे उमर गेलेले एक म्हातारे होते. त्यांनी साहेबांच्या शिकारी बघितल्या होत्या. ते म्हणाले, घ्यायची तर ३७५ मॅग्नम घ्या. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंड ह्या विलायती कंपनीने हे काडतूस काढलं. जवळपास साडेएकोणीस ग्रॅमची गोळी. हरणापासून रानगव्यापर्यंत काहीही त्यात येतं. आफ्रिकेत तर काही देशांचा कायदाच आहे, की हत्ती-म्हशीसारख्या जनावराला ३७५ पेक्षा कमी चालणार नाही. म्हातारे चुकत नव्हते. जगात कुठेही ‘एकच रायफल’ हा प्रश्न निघाला की हे नाव येतंच. पण बंदूक विलायती, काडतूस विलायती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली होती, आणि जुन्या साठ्यातलं एक काडतूस मागायला गेलं तर भाव ऐकूनच माणूस खाली बसायचा. डुकरामागे तेवढा खर्च कुठला शेतकरी करणार?

गावातल्या एका फौजी माणसाने थ्री-नॉट-थ्रीचं नाव काढलं. ती त्याने स्वतः चालवली होती, तिच्याबद्दल त्याची खात्री होती. पण ती मिळणारच नव्हती. फौजेचं काडतूस ज्या बंदुकीत बसतं ती रयतेला द्यायची नाही, हे इंग्रजांचं धोरण, आणि ते पुढेही तसंच राहिलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान सरकारने ४५० बोअरवरही अशीच बंदी घातली होती. जुन्या मार्टिनी बंदुकांत चालणाऱ्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती. गंमत अशी, की ह्या बंदीमुळे विलायती कंपन्यांनी ४६५ आणि ४७० अशी नवी बोअरं काढली आणि ती जगभर गाजली. लोक समजतात की बोअर शिकारी ठरवतो. आमच्या देशात ते आधी कायद्याने ठरवलं, मग दुकानदाराने, आणि उरलंसुरलं शिकाऱ्याने.

शाळेतल्या एका गुरुजींनी जिम कॉर्बेट वाचला होता. ते म्हणाले, कॉर्बेटची २७५ रिग्बी तर एवढीशी, नऊ ग्रॅमची गोळी, तरी त्याने तिने नरभक्षक मारले. ह्यावर ठेकेदाराकडचे म्हातारे म्हणाले, मग त्याच कॉर्बेटकडे ४५०-४०० ची दुनळी रायफल कशाला होती? दोघंही खरं बोलत होते. कॉर्बेटसारख्या माणसानेही एका बंदुकीवर सगळं भागवलं नाही. उलट आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने असल्याच सात मिलिमीटरच्या छोट्या गोळीने शेकडो हत्ती पाडले. कारण हत्तीचं डोकं आतून कसं असतं ते त्याने कापून बघून ठेवलं होतं.

मामा त्या महिन्यात उंबऱ्यापाशी पाय लांब करून बसायचे. जिभाऊंनी एकदा विचारलं, "मामा, तुम्ही सांगा. कोणती बंदूक?"

मामा म्हणाले, "गोळी काय मारस जिभाऊ? जागा मारस."

मग थोडं थांबून म्हणाले, "बंदुकनी चूक नही. तू दूरथीन गोळी मारी."

ओट्यावर कुणी काही बोललं नाही. मामांच्या घरी बांबूचा कामठा होता, त्याची दोरीही बांबूच्याच चिपेची. त्यांच्या बापाने त्याने डुकरं मारली होती, वीस पावलांवरून. वीस पावलांपर्यंत जनावर येऊ द्यायचं, किंवा आपण जायचं, वारा बघून. तेवढं जमलं नाही तर तीर सोडायचाच नाही. कामठ्याचं बोअर वाढवता येत नाही, म्हणून माणसाला स्वतःचा धीर वाढवावा लागतो.

शेवटी जिभाऊंनी घेतली ती ३१५ बोअर, इशापूरच्या सरकारी कारखान्याची. हिचं काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या फौजेच्या मॅनलिखर रायफलचं, आठ मिलिमीटरचं. आपल्या फौजेच्या बंदुकीत ते बसत नाही, म्हणून रयतेला चालतं. गोळी जवळपास सोळा ग्रॅमची, वेग बेताचा. शंभर पावलांपर्यंत डुक्कर, बिबट्या, सांबर, अस्वल सगळ्यांना पुरेशी. त्यापुढे गोळी खाली पडते. ती बाकीच्यांपेक्षा चांगली म्हणून घेतली असं नाही. ती परवडत होती आणि तिचं काडतूस देशात बनत होतं. काडतुसाच्या पितळी बुडावर के.एफ. अशी अक्षरं असत, म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याजवळची खडकी. मी ती रिकामी पितळं गोळा करून शिट्टीसारखी वाजवायचो.

परवान्याचीही एक गंमत होती. १९५९ च्या नव्या कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीचीच बंदूक लिहिलेली आहे. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची मिळते. रायफलीचं नाव तिथे नाही, तिला वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. जिभाऊंच्या अर्जाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मामा काठी टेकत का होईना, परत माळ्यावर चढू लागले होते.

रायफल आल्यावर जिभाऊंनी पहिली दहा काडतुसं जनावरावर नाही, नाल्याच्या दरडीवर उडवली. चाळीस पावलं, ऐंशी पावलं, सव्वाशे पावलं. दर वेळी मामा जाऊन भोक बघून यायचे. शंभराच्या पुढे भोक खाली सरकतं आणि बाजूलाही जातं, हे दोघांनी डोळ्याने बघितलं. तिथून पुढे जिभाऊंनी एक हिशेब ठरवला तो शेवटपर्यंत पाळला: ऐंशीच्या पुढे बार नाही, आडवं उभं नसेल तर बार नाही.

वनखात्याचा परवाना काढून दोघं एकदाच मोठ्या शिकारीला गेले, अक्राणीच्या बाजूला. मी हट्टाने बरोबर होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सालईच्या उतारावर सांबर दिसलं, शिंगं एवढी की मला आधी वाळलेली फांदी वाटली. अंतर साठ पावलं. पण ते पाठमोरं होतं. जिभाऊंनी रायफल खांद्याला लावली, मामा हळूच म्हणाले, "जागा नही." आम्ही किती वेळ तसे होतो कोण जाणे. सांबर चरत चरत उतार ओलांडून गेलं, आडवं झालंच नाही. परतताना मला रडू आलं, कारण शाळेत सांगायला काही उरलं नाही. जिभाऊ मात्र मामांशी उसाच्या भावाबद्दल बोलत होते.

१९७२ साली वन्यजीवांचा कायदा झाला आणि असल्या परवान्यांचा काळ संपत आला. त्याच वर्षी दुष्काळ होता. पाण्यासाठी जनावरं वस्तीपर्यंत येत. आमच्या विहिरीच्या पाटावर एकदा बिबट्या पाणी पिऊन गेला, चिखलात पंजे उठले होते. जिभाऊंनी ते सगळ्यांना दाखवले आणि रायफल खुंटीवरून काढली नाही. पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, हा नियम कायद्याच्या आधीचा.

पुढे रायफल निवडणुकीपुरती घराबाहेर पडायची. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि नंतर सोडवून आणायची. जिभाऊ गेल्यावर घरात कुणी परवाना स्वतःच्या नावे करून घेतला नाही. मीच ती कापडात गुंडाळून ठाण्यात जमा करून आलो.

आज डुकरं पूर्वीपेक्षा जास्त आहेत. रात्रभर राखण करून डोळे लाल झालेली पोरं भेटतात आणि मला जुना शिकारी समजून विचारतात, काका, सगळ्याला चालेल अशी बंदूक कोणती? त्यांची अडचण खरी आहे, तिला हसण्यासारखं काही नाही. ठासणीची, बारा बोअर, ३१५, ३७५ ह्यांतला फरक मी त्यांना सांगतो, कायदा आज काय म्हणतो ते वनखात्यात जाऊन विचारा म्हणून सांगतो. आणि मामांच्या मांडीची गोष्ट सांगतो. कारण आमच्या घरात बोअर जिभाऊंनी निवडलं, पण चुकीच्या अंतराची किंमत मामांनी चुकवली, आणि ज्याने ती चुकवली त्याच्या नावे आयुष्यात कधी परवाना नव्हता.

ठाण्याची पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर लिहिलंय: रायफल ३१५ बोअर नग एक, काडतुसं नग सात. दीड वर्षाच्या अर्जाने मिळालेल्या बंदुकीची शिल्लक तेवढीच.