रक्ताची साक्ष

ताप उतरला की घर निवांत होते. उशाशी बसून रात्र जागविलेली आई घटकाभर डोळे मिटते आणि मुलाने पेज मागितली की आजीला धीर येतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव एका रोगाने खोटा ठरविला. डेंग्यूच्या उग्र प्रकारात खरा धोका ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतो. हा धोका रक्ताच्या परीक्षेने आधी ओळखण्याची विद्या वैद्यकशास्त्राला कशी लाभली, याचा इतिहास फार उद्बोधक आहे.

डेंग्यू हा काही नवा रोग नव्हे. हाडे-सांधे ठणकविणारा आणि आठवडाभरात आपोआप बरा होणारा ताप म्हणून उष्ण प्रदेशांत तो पूर्वीपासून परिचित होता. त्याने माणूस बेजार होई. परंतु सहसा दगावत नसे. १९५३-५४ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये लहान मुलांना एका निराळ्याच ज्वराने गाठले. अंगावर रक्ताचे बारीक ठिपके उठत, नाकातून रक्त येई, आणि काही मुले पाहता पाहता थंड पडत. १९५६ साली मनिलाच्या साथीत विल्यम हॅमन या अमेरिकन संशोधकाने या मुलांच्या रक्तातून डेंग्यूचेच विषाणू वेगळे केले. १९५८ साली बँकॉकमध्ये मोठी साथ आली. त्या वेळी रुग्णालयात आलेल्या मुलांपैकी शेकडा दहाच्या आसपास मुले दगावली.

डॉक्टरांपुढे कोडे पडले ते असे. मुलाची नाडी हाताला लागेनाशी होई, हातपाय गार पडत. शरीरातील रक्त एकाएकी कमी झाल्याची ही लक्षणे. पण तेवढे रक्त वाहून गेल्याचे तर दिसत नव्हते. मग ते गेले कोठे?

या प्रश्नाचा उलगडा बँकॉकच्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्य आणि त्यांच्यासमवेत काम करणारे स्कॉट हॉलस्टेड व सॅनफर्ड कोहेन हे अमेरिकन संशोधक यांनी १९६० नंतरच्या दशकात केला. त्यासाठी लागलेले साधन अगदी साधे होते. काचेच्या बारीक नळीत थोडे रक्त घेऊन ती यंत्रात गरगर फिरविली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि पिवळसर रक्तद्रव वर राहतो. नळीचा किती भाग पेशींनी व्यापला, या प्रमाणाला हिमॅटोक्रिट म्हणतात. संकटात सापडलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले. त्याचा अर्थ उघड होता. रक्त वाहून गेले असते तर पेशी आणि द्रव दोन्ही गेले असते. येथे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून केवळ द्रव पाझरून छातीत व पोटात साठत होता. पेशी मागे राहत होत्या आणि रक्त घट्ट होत होते.

दुसरी खूण प्लेटलेटची. रक्त गोठविण्यास मदत करणारे हे कण निरोगी माणसाच्या रक्तात घनमिलिमीटरमागे सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. ताप उतरण्याच्या सुमारास ते झपाट्याने घटून लाखाच्या खाली येतात आणि त्याच वेळी हिमॅटोक्रिट चढू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या रोगाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात या दोन्ही खुणांना स्थान मिळाले : प्लेटलेट एक लाख किंवा त्याहून कमी, आणि हिमॅटोक्रिटमध्ये शेकडा वीस किंवा त्याहून अधिक वाढ.

विषाणूवर औषध नव्हते. पण काय करावयाचे ते आता कळले होते. गळती चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकते. तेवढ्या काळात शिरेतून सलाईन मोजून द्यावयाचे. कमी पडले तर नाडी बुडते. अधिक झाले तर पाझरलेला द्रव परत रक्तात येताना फुफ्फुसांवर भार पडतो. म्हणून हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा पाहून त्यानुसार धार वाढवावी वा कमी करावी लागते. या शिस्तीने थायलंडमधील मृत्यूचे प्रमाण पुढे शेकडा एकाच्याही खाली आले.

भारतात हा उग्र प्रकार १९६३ साली कलकत्त्यात दिसला. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांहून अधिक रुग्ण रुग्णालयांत आले आणि चारशेहून अधिक दगावले. तेव्हापासून प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोहोचला, आणि त्याबरोबर एक गैरसमजही पोहोचला. आकडा घसरला की आप्तेष्ट रक्तपेढीकडे धावतात. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आकडा वीस हजारांवर वा त्याखाली आलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या रुग्णांना प्लेटलेट चढविल्याने रक्तस्राव टळत नाही, असे तीत आढळले. प्लेटलेटची घसरण ही धोक्याची घंटा होय. घंटा बंद केल्याने आग विझत नाही.

हिमॅटोक्रिटचा आकडाही एकटा पाहून चालत नाही. पंडुरोगी मुलाचे मूळ प्रमाण ३० असेल आणि ते ३६ झाले, तर वरवर पाहता ते निरोगी मुलासारखेच वाटते. वस्तुतः ही शेकडा वीस वाढ आहे. उलट, नाडी क्षीण असताना प्रमाण एकाएकी खाली आले, तर आत कोठे तरी रक्त वाहत असल्याचा संशय घ्यावा लागतो. म्हणूनच २००९ सालच्या नव्या मार्गदर्शिकेने रक्ताच्या आकड्यांबरोबर पोटदुखी, सततची उलटी, हिरड्यांतून रक्त आणि ग्लानी या लक्षणांनाही तितकेच महत्त्व दिले. रक्त साक्ष देते खरे, पण ती साक्ष रुग्णाकडे पाहूनच तपासावी लागते.

बँकॉकच्या त्या वॉर्डांतून मिळालेला धडा घरच्या माणसांनाही उपयोगी आहे. ताप उतरल्यानंतरही परिचारिका मुलाच्या बोटातून पुन्हा पुन्हा रक्ताचा थेंब घेऊ लागली, तर तो निष्कारण जाच समजू नये. त्या दोन दिवसांत मुलाला किती पाणी द्यावयाचे, हे त्या थेंबावरूनच ठरत असते.