सदाफुली आणि दारावरचा दरवान

आमच्या शाळेच्या कुंपणाशी सदाफुली आहे. कुणी पाणी घालो न घालो, बारा महिने फुललेली. म्हणूनच की काय, तिचे कौतुक कुणाला नाही. मूळची ती मादागास्करची. पण तिचे भाग्य उजळले कॅनडात.

१९५२ साली जमेकाहून डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पाकिटातून तिची पाने आली. तिकडे मधुमेहावर त्यांचा काढा घेत. क्लार्कनी ती धाकटे बंधू रॉबर्ट यांना दिली. रॉबर्टनी उंदरांवर अर्क अजमावला. साखर जागची हलली नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या! दुसरा एखादा 'प्रयोग फसला' म्हणून पाने केरात टाकता. पण रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींचाच उच्छाद असतो, हे रॉबर्टच्या ध्यानी आले. चार्ल्स बीअर या रसायनज्ञाच्या साहाय्याने १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन हाती लागले. पुढे अमेरिकेत त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन निघाले. इतर औषधांच्या जोडीला ते आले आणि रक्ताच्या कर्करोगातून कितीतरी मुले उठून शाळेत गेली.

सगळीच नाहीत. काहींचा रोग उलटे आणि मग तेच औषध लागू पडेना.

का, याचा एक धागा १९७६ साली टोरांटोत सापडला. ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी कोल्चिसिनला दाद न देणाऱ्या पेशी तपासल्या. (कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीतही असते.) त्या पेशींच्या आवरणात एक मोठे प्रथिन होते. त्याला 'पी-ग्लायकोप्रोटीन' म्हणतात. आपण दरवान म्हणू. आत शिरलेले औषध तो गचांडी देऊन बाहेर काढतो, आणि नावगाव विचारीत नाही: कळलावीचे विष असो की सदाफुलीचे.

मग या दरवानालाच गुंतवून ठेवले तर? १९८१ साली जपानी संशोधक त्सुरुओ यांनी नेमके तेच केले. अफूतील पापाव्हेरिनच्या धर्तीवर बनवलेले व्हेरापामिल हे हृदयविकारावरचे औषध त्यांनी जोडीला दिले. निर्ढावलेल्या रक्तकर्करोगाच्या उंदरांवर व्हिन्क्रिस्टिन पुन्हा चालू लागले!

माणसांत मात्र घोडे अडले. पुरेसे व्हेरापामिल द्यावे, तर रोग्याचे हृदयच बिघडे. फ्रान्समध्ये सिंकोनाच्या सालीतले क्विनीन वापरून पाहिले. ज्यांच्या पेशींत हा दरवान होता त्यांच्यापैकी काहींना गुण आला, पण एकंदरीत रोग्यांचे आयुष्य वाढले नाही. कारण हा दरवान निरोगी देहातही उभा असतो. आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो आपलेच रक्षण करतो. शिवाय कर्करोगाच्या पेशीला निसटायला दुसऱ्याही वाटा आहेत.

प्रयोगशाळेत मिऱ्यांतले पिपेरिन आणि हळदीतले कर्क्युमिनही या दरवानाला अडवतात. गेल्या वर्षी एक माजी विद्यार्थी हळदमिऱ्यांच्या अर्काची बाटली घेऊन आला. आईला औषधांबरोबर द्यावी का, म्हणून विचारीत होता. मी मॅट्रिक झालेला मास्तर, मी काय सांगणार? पण दरवान अडला की औषध रक्तात भलतेच साठू शकते, एवढे वाचलेले होते. बाटली तशीच पिशवीत ठेवायला लावून त्याला आधी तिच्या डॉक्टरांकडे पाठवले.