शिशाच्या गोळीचे कपडे

अमेरिकेतले काही हौशी नेमबाज घरीच शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततात आणि त्यांना पावडर कोटिंग करतात. लाल, निळं, जांभळं, हवं ते. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हा छंद फक्त स्क्रीनवर बघायचा. पण गोळीला कपडे घालण्याचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या भट्टीवरही. शिवकाळातल्या तोड्याच्या बंदुकीला साच्यात ओतलेली उघडी गोळी चालायची, कारण नळी आतून गुळगुळीत असे. नळीत आटे आले आणि मऊ शिसं त्यांत चिकटू लागलं. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसात म्हणून गोळीभोवती कागद आला, कागदावर चरबी आली, आणि ते काडतूस दातांनी फाडायचं होतं. पुढचं आपण शाळेत शिकलो. शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट अशी की, जानेवारी १८५७ मध्येच सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण लावायची मुभा दिली होती. पण तोवर विश्वास उडाला होता. नंतर कागदाच्या चकाकीवरही संशय आला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेंनी शस्त्र उचललं.

१८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने गोळीला तांब्याचं आवरण दिलं आणि चरबीची गरज सरली. रंग आले ते ओळखीसाठी. ब्रिटिशांच्या .३०३ काडतुसाच्या बुडाशी, टोपीभोवती रंगाचं कडं असे: साधी गोळी जांभळी, प्रकाशरेषा सोडणारी लाल, चिलखतभेदी हिरवी, आग लावणारी निळी. खडकीच्या कारखान्यातही .३०३ बनत. माझं गाव कापडे, पोलादपूर तालुक्यातलं. शेजारच्या महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात जातो. अशा माणसांसाठी तो रंग म्हणजे सूचना होती. चुकीचं काडतूस भरलं आणि रात्री लाल रेघ उमटली, तर शत्रूला तुमची जागा कळणार.

आजची पावडर विजेच्या भाराने चिकटते, साधारण २०० अंशांना भाजली की कडक थर होतो. काम तेच: शिसं नळीला लागू न देणं. रंग कोणताही घ्या, त्या कामात फरक पडत नाही.

फरक पडतो तो निवड कुणाची आणि कधी, यात. छंदवाला रंग आधी निवडतो. १८५७ च्या शिपायाला मात्र विचारलं गेलं ते काडतूस तयार झाल्यावर.