पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. मात्र विस्तारित योजनेत नोंदणी न केलेल्या यंत्रांना सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजविणारे अपडेट मिळेनासे झाले. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, पडद्यापासून कळफलकापर्यंत ठणठणीत असलेले लॅपटॉप अधिकृतरीत्या निकालात निघाले. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी आवृत्ती बसविणे हा सरळ पर्याय आहे, आणि त्यासाठी लागतो तो ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. काम फार तर दोन तासांचे. परंतु याच दोन तासांत घरातील वर्षानुवर्षांची छायाचित्रे कायमची पुसली जाण्याचाही संभव असतो. म्हणून कोणती पायरी निर्धोक आणि कोणती धोक्याची, हे आधी समजून घेतलेले बरे.

ऑपरेटिंग सिस्टीम संकेतस्थळावरून उतरवून घेतली की ती आयएसओ या प्रकारच्या एकाच मोठ्या फाइलच्या रूपात मिळते. हे नाव सीडीवरील फाइलरचनेच्या आयएसओ ९६६० या प्रमाणावरून आले. पूर्वी ही फाइल सीडीवर 'बर्न' करीत. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्हच नसतो. अनेकजण ही फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही का पाहत नाही, याचे नवल करीत बसतात. कारण साधे आहे. संगणक सुरू होताना त्याला 'फाइल' ही कल्पनाच जवळजवळ ठाऊक नसते. जुन्या बायोस पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा तुकडा वाचतो आणि तेथील सूचनांच्या हवाली होतो. नव्या यूईएफआय पद्धतीत तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या भागात ठरावीक नावाच्या फोल्डरमधील ठरावीक नावाची फाइल शोधतो. आयएसओ नुसती कॉपी केली तर या दोन्ही ठिकाणी काहीच नसते. तेथे योग्य ते नेऊन ठेवणे म्हणजेच पेनड्राइव्ह 'बूटेबल' करणे.

आयएसओ फाइल नेहमी त्या प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी, तर लिनक्स मिंटची ३ जीबीच्या आसपास असते. उतरवून झाल्यावर एसएचए-२५६ हा तिचा ठसा पडताळून पाहावा. हा ६४ अक्षर-अंकांचा मजकूर असतो आणि फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी तो पार बदलून जातो. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल', तर लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम' या आज्ञेने तो काढता येतो. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि बहुतेकजण ती गाळतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी काय घडले, हे मात्र लक्षात ठेवावे. त्या दिवशी हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून 'मिंट १७.३ सिनॅमन' या आवृत्तीचा दुवा बदलला व चोरवाट बसविलेली बनावट आयएसओ लोकांच्या हाती दिली. संकेतस्थळ अधिकृत, नाव तेच, तरीही फाइल खोटी. संकेतस्थळच ताब्यात गेले तर तेथे छापलेला ठसाही बदलता येतो. म्हणून ठशांच्या यादीवर निर्मात्यांची डिजिटल स्वाक्षरी असते. जमल्यास तीही तपासावी.

आता लेखनाकडे वळू. विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी 'रूफस' हा लहानसा मोफत प्रोग्रॅम सर्वांत भरवशाचा, असे माझे मत आहे. वरच्या चौकटीत पेनड्राइव्ह निवडायचा, खाली आयएसओ दाखवायची आणि 'स्टार्ट' दाबायचे. 'पार्टिशन स्कीम' विचारली तर गेल्या दहा-बारा वर्षांतील संगणकासाठी जीपीटी आणि त्याहून जुन्यासाठी एमबीआर, हा सर्वसाधारण नियम. लिनक्सच्या आयएसओ बहुधा दोन्ही प्रकारे चालतील अशाच बनविलेल्या असतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा अडत नाही. विंडोजच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. एफएटी-३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजच्या संचातील मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. रूफस त्यातून स्वतःच वाट काढतो. मॅक किंवा लिनक्सवर असणाऱ्यांना 'एचर' सोपे जाते. मात्र विंडोजच्या आयएसओसाठी ते योग्य नाही. 'व्हेंटॉय' एकदा बसविले की पुढे आयएसओ फाइल नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात आणि एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच प्रणाली बाळगता येतात.

कोणताही प्रोग्रॅम वापरला तरी पेनड्राइव्हवर आधी असलेला मजकूर पुसला जातो. येथेच पहिला घात होतो. बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला जोडलेलीच राहते आणि घाईत नेमकी तिचीच निवड होते. रूफस बाहेरील हार्ड डिस्क सुरुवातीला यादीत दाखवीत नाही, तो याच भीतीने. लिनक्समधील 'डीडी' ही आज्ञा मात्र काहीच विचारीत नाही. सांगितलेल्या डिस्कवर मुकाट्याने लिहीत सुटते. एका अक्षराच्या चुकीने पेनड्राइव्हऐवजी मुख्य डिस्क पुसली जाऊ शकते. तेव्हा एका पेनड्राइव्हखेरीज बाकी सर्व काही काढून ठेवावे आणि यादीतील जीबीचा आकडा पाहूनच पुढे जावे.

संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी तो चालू करताच एक ठरावीक कळ दाबावी लागते. डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये बहुधा एफ-१२, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ-९. पडद्यावर यादी आली की त्यातून पेनड्राइव्ह निवडायचा. एसरमध्ये ही यादी आधी बायोसच्या मांडणीतून सुरू करावी लागण्याची शक्यता असते. 'सिक्युअर बूट' बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण उबुंटू व मिंट या दोन्ही प्रणाली ते सुरू असतानाही चालतात. शिवाय मुख्य डिस्कवर बिटलॉकर असेल, तर अशा फेरफारानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. अनेक लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळतच लागलेले असते. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठविलेली असते. काहीही बदलण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी.

लिनक्सचा मोठा गुण असा की पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर ते लगेच डिस्कला हात लावीत नाही. 'लाइव्ह' अवस्थेत सारी प्रणाली वापरून पाहता येते. ही संधी दवडू नये. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे पाहावे. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक निवडून चार ओळी टाइप कराव्यात. मुद्रक, वकील व छोटी कार्यालये यांनी अधिक विचार करावा. विंडोजसाठी घेतलेले श्री-लिपी किंवा टॅलीसारखे सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही, आणि युनिकोडपूर्व फाँटमधील जुने दस्तऐवज त्या फाँटवाचून वाचता येत नाहीत. ज्यांचे सारे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि चित्रपट पाहण्यापुरते आहे, त्यांना अडचण क्वचितच येईल. सरकारी क्षेत्राकरिता सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली प्रणालीही याच रीतीने पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते.

यानंतर येतो खरा निर्णायक क्षण. 'इन्स्टॉल' दाबल्यावर प्रणाली विचारते : संपूर्ण डिस्क पुसायची, की विंडोजच्या शेजारी जागा करून घ्यायची? विंडोजच्या संचात हाच प्रश्न पार्टिशनच्या यादीतून समोर येतो आणि तेथील 'डिलीट' दाबल्यावर परतीची वाट जवळपास नसतेच. सी ड्राइव्ह पुसला तरी डी ड्राइव्ह सुरक्षित राहील, या समजुतीने अनेकांनी सर्वस्व गमावले आहे; 'संपूर्ण डिस्क' म्हणजे दोन्ही. या पडद्यावर येण्यापूर्वी छायाचित्रे, कागदपत्रे आणि ब्राउझरमधील पासवर्ड दुसऱ्या डिस्कवर घेतलेले असावेत आणि त्यातील दोन-चार फाइल उघडूनही पाहिलेल्या असाव्यात. डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडलात, तर पासवर्ड विसरल्यावर कोणताही तंत्रज्ञ मदत करू शकणार नाही.

कधी संचाला डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोज बसविताना असे होते, कारण व्हीएमडी या व्यवस्थेचा ड्रायव्हर संचात नसतो. तो निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर' मधून दाखवावा. विंडोज पुन्हा बसविणाऱ्यांना परवान्याच्या कीची चिंता सहसा नसते. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच नोंदलेली असते आणि आवृत्ती तीच ठेवली तर आपोआप लागू होते.

काम संपल्यावर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह कधी १६ जीबीऐवजी काही एमबीचाच दिसतो. तो बिघडलेला नसतो. आयएसओतील पार्टिशनची मांडणी जशीच्या तशी त्यावर उतरलेली असते. रूफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून तो पुन्हा फॉरमॅट केला की मूळ क्षमता परत मिळते. तशी घाई मात्र करू नये. नव्या प्रणालीने आठवडाभर नीट काम दिले, हे पाहूनच तो पुसावा.