पंचेचाळीस विमानांचा सौदा

व्यापारातील चढाओढ ही लग्नघरातील मानपानासारखी असते. एका व्याह्याने हात सैल सोडला की दुसऱ्याला आखडता घेता येत नाही. मग घरच्या कणगीत दाणे किती उरले, हे पाहावयास कोणाला सवड नसते. आकाशातील व्यापारालाही हाच न्याय लागू पडतो. त्याची साक्ष पाहावयाची असेल, तर १९५५ सालच्या एका खरेदीची हकीकत ऐकावी.

त्या काळी महासागर ओलांडणारी विमाने पंख्यांची असत. जेट विमानाने उतारू नेण्याचा पहिला मान इंग्रजांनी मिळविला. २ मे १९५२ रोजी बी. ओ. ए. सी. कंपनीचे ‘कॉमेट’ लंडनहून जोहान्सबर्गला निघाले आणि सारे जग थक्क झाले. पण हे कौतुक फार दिवस टिकले नाही. बरोबर एक वर्षाने कलकत्त्याहून उडालेले कॉमेट वादळात सापडून कोसळले. १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ व एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट विमाने हवेतच फुटली. फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी विमानाचा सांगाडा पाण्याच्या हौदात ठेवून त्यावर पुन्हापुन्हा दाब दिला, तेव्हा कारण उमगले. तार सारखी वाकवीत राहिलो की ती जशी अचानक तुटते, तसा प्रत्येक उड्डाणाच्या दाबाने विमानाचा पत्रा थकत होता.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! अमेरिकेतील सिॲटल येथील बोइंग कंपनीने स्वतःच्या गाठीचे १ कोटी ६० लाख डॉलर घालून एक जेट विमान बांधले व १५ जुलै १९५४ रोजी ते उडवून दाखविले. कॅलिफोर्नियातील डग्लस कंपनी मात्र पंख्यांच्या विमानांवर भरपूर पैसा मिळवीत होती. तिचे ‘डी. सी. ८’ हे जेट अद्याप केवळ नकाशात होते.

येथे रंगमंचावर येतात पॅन अमेरिकन कंपनीचे प्रमुख जुआन ट्रिप. त्यांना अटलांटिक सागर न थांबता ओलांडणारे आणि एका ओळीत सहा माणसे ऐसपैस बसतील एवढे रुंद विमान हवे होते. बोइंगची साचे-हत्यारे अरुंद विमानाची. ती बदलावयाची म्हणजे खर्चाचा डोंगर. कंपनी तयार होईना. तेव्हा ट्रिपनी जो डाव टाकला, तो १३ ऑक्टोबर १९५५ रोजी जाहीर झाला : बोइंगची २० विमाने आणि डग्लसची २५! एकूण किंमत २६ कोटी ९० लाख डॉलर.

बोइंगच्या वर्मी घाव बसला. आपले विमान उडत असता मोठा वाटा कागदावरच्या विमानाने नेला! कंपनीने निमूटपणे आपले ‘७०७’ रुंद केले, तेही डग्लसपेक्षा एक इंच अधिक. इकडे इतर विमान कंपन्यांची झोप उडाली. शेजाऱ्याकडे जेट आणि आपल्याकडे पंखे, मग उतारू कोणाकडे जाणार? पुढच्याच महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने ३० बोइंग मागविली. युनायटेडने डग्लस पसंत केले. वर्षभरात खुद्द बी. ओ. ए. सी.लाही अमेरिकन बोइंगच घ्यावे लागले. ज्यांना गरज होती त्यांनी मागविली, आणि ज्यांना नव्हती त्यांनी भीतीपोटी मागविली.

या लाटेत आपली एअर इंडियाही होती. १९३२ साली जुहूच्या मैदानावर एका छोट्या विमानातून टपाल घेऊन उतरलेले जे. आर. डी. टाटा तिचे अध्यक्ष होते. १९६० साली कंपनीचे पहिले ७०७ आले, आणि त्याच वर्षी मुंबईचा उतारू जेटने न्यूयॉर्कला पोचू लागला.

परंतु धाडसाची एक खोड असते. एकदा फळले की ते पुन्हा करावेसे वाटते. १९६६ च्या एप्रिलमध्ये ट्रिपनी प्रचंड आकाराची २५ ‘७४७’ विमाने मागविली. किंमत साडेबावन्न कोटी डॉलर. १९७० च्या जानेवारीत ती उडू लागली, तोवर मंदीची चाहूल लागली होती. १९७३ साली तेल भडकले. एवढ्या खुर्च्या भरावयाच्या कशा? ऋण काढून केलेला सण कंपनीच्या अंगावर आला. तिच्या नाशाला पुढे इतरही कारणे मिळाली, आणि ४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन अमेरिकनचे शेवटचे विमान उतरले.

मग ट्रिप चुकले काय? तसे म्हणता येत नाही. विमान आज मागवावे आणि ते काही वर्षांनी हाती यावे. तोवर तेलाचा भाव, लढाया, लोकांची ऐपत हे सारे बदललेले असते. शेतकरी मृगात पेरतो तेव्हा त्याला हस्ताचा पाऊस ठाऊक नसतो, तसेच हे आहे. न पेरणाऱ्याच्या पदरी तर काहीच पडत नाही. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांचे सौदे जाहीर केले. पंचेचाळीस विमानांनी एके काळी जग हादरले होते, हे सांगितल्यास आजच्या मुलांना हसू येईल. आकडे वाढले, पण पेरणाऱ्याच्या छातीतली धडधड मात्र तेवढीच असणार.