आधी विहीर, मग गड

मसुऱ्याचा भरतगड मला लढायांपेक्षा पाण्यासाठी आठवतो. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये ही टेकडी पाहिली, पण पाणी नाही म्हणून गडाचा बेत सोडला, असं सांगतात. वाडीच्या फोंड सावंतांनी आधी विहीर खणली. पाणी लागलं, तेव्हा कुठे १७०१ मध्ये गड उभा राहिला.

पायथ्याशी कालावलची खाडी, पण पाणी खारं! म्हणूनच पाऊस सरला की सिंधुदुर्गातली गावं व्हाळांवर वनराई बंधारे घालतात. नारळ फोडायचा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, हातोहात रचायची. सोहळाच तो! नदीकाठीही वजूला पाणी बेतानं घ्या, हे ऐकत वाढलेल्या मला तो घरचाच वाटतो. अडलेलं पाणी मुरतं, आसपासच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. पावसाळ्यात गोण्या वाहून जातात. दिवाळीनंतर पुन्हा भरायच्या.